राज्याचे आपत्ती व्यवस्थापन कसे उभे राहते: अधिकार, निरोप, साधने आणि निधी

मोठा पूर किंवा चक्रीवादळ आले की वृत्तवाहिन्यांवर मंत्रालयातील नियंत्रण कक्ष दिसू लागतो, मुख्यमंत्री दूरदृश्य प्रणालीवरून जिल्हाधिकाऱ्यांशी बोलताना दिसतात, आणि सारे बचावकार्य मुंबईतूनच चालते असा सर्वसाधारण समज होतो. प्रत्यक्षात पुराच्या पाण्यात बोट आधी कोणत्या वाडीकडे न्यायची हे मुंबईत बसून ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. जे जिल्ह्याच्या हातात नाही ते त्याला वेळेत मिळवून देणे, हे राज्य शासनाचे काम आहे. शेजारच्या जिल्ह्यातील बोटी, केंद्राची पथके, दुसऱ्या राज्याच्या धरणातून होणारा विसर्ग, निविदेविना खरेदीची मुभा आणि निधी या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. ही यंत्रणा कोणत्या क्रमाने बांधावी लागते आणि कोठे अडखळते, याची मांडणी येथे महाराष्ट्राच्या अनुभवाच्या आधारे केली आहे. आपत्ती शाखेत नव्याने रुजू झालेले नायब तहसीलदार, जिल्हा परिषदेचे सदस्य, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि जिल्ह्याची बातमीदारी करणारे पत्रकार यांना ती उपयोगी पडावी.

महाराष्ट्रात ही व्यवस्था कायद्याच्या आधीपासून आकार घेत होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घ्यावा लागला, आणि टंचाई व पूर यांपुरत्या मर्यादित असलेल्या महसूल खात्याच्या मदतकार्याला कायमस्वरूपी यंत्रणेची गरज आहे हे तेव्हा स्पष्ट झाले. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर केंद्राने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत केला. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तर त्याच शहरातील कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. एका टोकाला बसलेल्या कक्षाला दुसऱ्या टोकाची कल्पना खिडकीतून बाहेर पाहून येत नाही, हा त्या दिवसाचा धडा आजही नियोजनात धरावा लागतो.

पहिली पायरी: अधिकार कोणाचा हे आधीच लिहून ठेवणे

अधिनियमाच्या कलम १४ नुसार राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन होते आणि मुख्यमंत्री त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. धोरण ठरवणे, विभागांना मार्गदर्शक तत्त्वे घालून देणे आणि तयारीचा आढावा घेणे ही या प्राधिकरणाची कामे आहेत. बैठक बोलावण्याइतका वेळ नसेल, तर अध्यक्षांना प्राधिकरणाचे अधिकार एकट्याने वापरता येतात, मात्र मागाहून मान्यता घ्यावी लागते. त्याखाली कलम २० नुसार मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य कार्यकारी समिती असते आणि तिच्यात चार विभागांचे सचिव असतात. समन्वयाचे खरे ठिकाण ही समिती आहे. जलसंपदा, ऊर्जा, सार्वजनिक आरोग्य, गृह अशा विभागांचे सचिव एकमेकांना आदेश देऊ शकत नाहीत, परंतु मुख्य सचिवांचा शब्द सर्वांनाच पाळावा लागतो.

जिल्ह्यात कलम २५ प्रमाणे जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक आणि आरोग्य विभागाचे जिल्हा प्रमुख हेही सदस्य असतात. सहअध्यक्षपदाची ही तरतूद बहुतेक ठिकाणी छायाचित्रापुरती उरली आहे, असे माझे मत आहे. गाव रिकामे करताना सरपंच आणि सदस्य यांच्या शब्दाला प्रशासनाच्या नोटिशीपेक्षा जास्त वजन असते, आणि त्यांना कामाला लावायचे तर जिल्हा परिषद अध्यक्षांना पहिल्या बैठकीपासून विश्वासात घ्यावे लागते.

जिल्हा प्राधिकरणाचे अधिकार व्यापक आहेत. कलम ३४ नुसार रस्ते बंद करणे, बाधित भागात प्रवेश रोखणे, ढिगारा उपसणे, निवारा व अन्नपाणी पुरवणे, तात्पुरते पूल उभारणे आणि धोकादायक बांधकाम पाडणे हे सर्व करता येते. कलम ६५ नुसार खासगी वाहने, इमारती आणि साधने ताब्यात घेता येतात व त्यांचा मोबदला पुढील कलमानुसार दिला जातो. तरीही जेसीबी मागवण्यासाठी वरच्या कार्यालयाच्या तोंडी परवानगीची वाट पाहिली जाते, कारण त्या कलमाखालील आदेशाचा नमुना कोणी तयार ठेवलेला नसतो. म्हणून वाहन अधिग्रहण, शाळा ताब्यात घेणे, वाहतूक बंदी आणि स्थलांतर या चार आदेशांचे कोरे नमुने मे महिन्यातच तयार करून तहसीलदारांकडे सोपवावेत आणि जिल्हाधिकाऱ्यांनी आपले कोणते अधिकार कोणाला दिले आहेत, याचा लेखी आदेश त्यांना जोडावा.

२०२५ मध्ये अधिनियमात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार राज्याची राजधानी आणि महानगरपालिका असलेली शहरे येथे नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येते. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. शहर आणि जिल्हा यांच्या हद्दीवर, उदाहरणार्थ पालिकेच्या सीमेवरील नाला किंवा उपनगरातील डोंगरउतार येथे, काम कोणाचे यावरून वेळ जातो. या नव्या रचनेत ती रेघ नकाशावर आधीच आखून घेणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी: विभागांना कामे वाटून देणे

राज्य शासनात अनेक विभाग असले, तरी आपत्तीत कामाची विभागणी विभागानुसार न करता गरजेनुसार करावी लागते: शोध व बचाव, दळणवळण, रस्ते मोकळे करणे, वीज, पाणी व स्वच्छता, वैद्यकीय मदत, निवारा व अन्न, जनावरे व चारा, जनतेला माहिती. या प्रत्येक कामासाठी एक प्रमुख विभाग आणि त्याला साहाय्य करणारे विभाग नेमतात. रस्त्याचे काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असले, तरी जिल्हा परिषदेचे रस्ते, राष्ट्रीय महामार्ग आणि वन विभागाच्या हद्दीतील वाटा वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहेत. प्रमुख विभागाने त्या सर्वांचे काम मार्गी लावायचे असते. आपल्या हद्दीत नसलेल्या रस्त्याबद्दल «तो आमच्याकडे येत नाही» असे म्हणण्याची सोय त्याला ठेवू नये.

मंत्रालय आणि जिल्हा यांच्या मधला दुवा म्हणजे विभागीय आयुक्त. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर असे सहा महसुली विभाग आहेत. पूर नदीच्या खोऱ्यातून वाहतो आणि खोरे जिल्ह्याची हद्द पाळत नाही. सातारा, सांगली व कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे एकाच पुणे विभागात असल्यामुळे कृष्णा खोऱ्यातील बोटींची हलवाहलव आयुक्त एका दूरध्वनीवर करू शकतात. जिल्हाधिकाऱ्याने थेट मंत्रालय गाठण्याआधी आयुक्त कार्यालयाकडे मागणी नोंदवावी, हा साधा क्रम पाळला तर मुंबईच्या कक्षावरील निम्मा भार हलका होतो.

तिसरी पायरी: आराखडा आणि साधनांची यादी

जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा सहसा जाडजूड असतो आणि त्यात जिल्ह्याचा इतिहास, भूगोल, हवामान यांवरच शंभर पाने खर्ची पडतात. रात्री दोन वाजता त्यातील फक्त दोन गोष्टी उघडल्या जातात: संपर्क यादी आणि साधनांची यादी. म्हणून या दोन गोष्टी आराखड्यापासून वेगळ्या काढून, छापून आणि प्रत्येक तालुका कक्षात भिंतीवर लावून ठेवाव्यात. मोबाइल बंद पडला तरी भिंतीवरचा कागद वाचता येतो.

साधनांच्या यादीत «रबरी बोटी: ६» अशी नोंद असेल, तर ती निरुपयोगी समजावी. उपयोगी नोंद कशी असावी, हे एका बोटीपुरते पाहू. बोट कोणत्या गोदामात आहे, गोदामाची किल्ली कोणाकडे असते, त्याच्या गैरहजेरीत कोणाकडे असते, बोटीचे यंत्र किती अश्वशक्तीचे आहे, त्याला पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावे लागते, बोट वाहून नेण्यासाठी ट्रॉली कोणाची, ती चालवणारे दोघे कोण, लाइफ जॅकेट किती आणि त्यांचे पट्टे शाबूत आहेत का, आणि यंत्र पाण्यात घालून शेवटचे कधी चालवले. या शेवटच्या रकान्यावरून जिल्ह्याची तयारी कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी ओसंडलेली बोट उलटून जी जीवितहानी झाली, तिच्यानंतर बोटीच्या क्षमतेचा आकडा रंगाने बोटीवरच लिहिण्याचा आग्रह धरणे रास्त ठरते. घाबरलेल्या माणसांना «आता बस» असे सांगण्याचे धैर्य नावाड्यापेक्षा त्या लिहिलेल्या आकड्याला जास्त असते.

धोक्याच्या गावांची यादीही अशीच तपासावी. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. त्यानंतर दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, तरी १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा ती वाडी त्या यादीत नव्हती. यादी ही तज्ज्ञांनी त्या दिवसापर्यंत पाहिलेल्या जागांची नोंद असते, आणि यादीबाहेरचे गाव सुरक्षित आहे असा तिचा अर्थ काढता येत नाही. जमिनीला नव्याने भेगा पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नवीन झरा फुटणे या खुणा तलाठी, पोलीस पाटील आणि कोतवाल यांना माहीत असल्या आणि त्या कळवण्याची सोपी सोय असली, तर यादी दरवर्षी जिवंत राहते.

चौथी पायरी: इशाऱ्याला कृती जोडणे

भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, नारंगी आणि लाल अशा रंगांत इशारे देतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस असेल तर तो जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत जोरदार मानला जातो. इशारा येणे ही झाली पहिली अर्धी गोष्ट. «नारंगी इशारा, नागरिकांनी दक्षता घ्यावी» असा संदेश पुढे ढकलला की काम झाले, असे अनेक कार्यालयांत मानले जाते, आणि वर्षात चार-पाच वेळा असा इशारा फुकट गेला की पुढच्या वेळी कोणीच तो मनावर घेत नाही. त्यामुळे प्रत्येक पातळीला एक ठरलेली कृती आणि ती करणारा ठरलेला माणूस जोडावा लागतो.

कोल्हापूरचे उदाहरण घेऊ, कारण तेथे ही पद्धत बऱ्यापैकी रुळली आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. सांगलीला आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या महापुरात कोल्हापूरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. पंचगंगेला येऊन मिळणाऱ्या भोगावतीवर राधानगरी धरण आहे आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. दरवाजा उघडायचा की नाही हे तेथे कोणालाच ठरवायचे नसते. त्यामुळे धरण भरत आले की दरवाजे उघडण्याची वाट न पाहता खालच्या गावांना सांगणे सुरू करावे लागते. इतर धरणांबाबत उलट स्थिती असते: कोयनेचे वक्र दरवाजे अभियंत्याच्या निर्णयाने उचलले जातात आणि पायथा वीजगृहातून सोडलेला २,१०० क्युसेकचा विसर्गही आधी कळवून करता येतो. दोन्ही प्रकारच्या धरणांसाठी निरोपाचा क्रम वेगळा लिहावा लागतो.

आता कोल्हापुरात ३७ फुटांपाशी पाणी असताना काय व्हावे ते पाहू. चिखली, आंबेवाडी यांसारख्या पहिल्यांदा वेढल्या जाणाऱ्या गावांत जनावरे हलवण्याची तयारी या वेळी सुरू झाली पाहिजे. प्रशासनातील नवख्या माणसाला वाटते की आधी माणसे हलवावीत. प्रत्यक्षात दावणीला दोन म्हशी बांधलेल्या असतील, तर घरातील कर्ता माणूस त्या सोडून निघत नाही. तो थांबला की म्हातारे आईवडीलही थांबतात, आणि मग रात्री बोट पाठवावी लागते. जनावरांसाठी उंचावरील जागा, पाण्याची टाकी, वैरण आणि पशुवैद्यक यांची सोय ३९ फुटांच्या आधी झाली, तर माणसे स्वतःहून निघतात. पात्रातल्या पाण्याच्या प्रत्येक फुटासमोर गाव, काम आणि जबाबदार कर्मचारी असा एकपानी तक्ता प्रत्येक नदीकाठच्या तालुक्याने करावा आणि तो गावांतही लावावा. पातळी कळली की पुढचे गावाला स्वतःच कळते.

पूररेषेचा विषयही येथेच येतो. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा या जलसंपदा विभागाने आखायच्या असतात, पण त्या नगररचनेच्या नकाशावर उतरल्या नाहीत आणि बांधकामे होत राहिली, तर इशारा कितीही आधी दिला तरी हलवायच्या माणसांची संख्या दरवर्षी वाढत जाते.

पाचवी पायरी: नियंत्रण कक्ष आणि निरोपाची शिस्त

राज्याचा आपत्कालीन कार्य कक्ष मंत्रालयात चोवीस तास चालू असतो आणि त्याचा क्रमांक १०७० आहे. जिल्हा कक्षाचा क्रमांक १०७७, एकत्रित आपत्कालीन सेवेचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. नागरिकाने कोणताही क्रमांक फिरवला, तरी निरोप योग्य टेबलावर पोहोचला पाहिजे. फोन घेणाऱ्याने «हे आमचे नाही, दुसरीकडे लावा» असे म्हणू नये, हा पहिला नियम.

प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक, वेळ, सांगणाऱ्याचे नाव, ठिकाण, मागणी, कोणाकडे दिले आणि काय झाले एवढी नोंद हवी. आजकाल सारे काम व्हॉट्सॲप गटांवर चालते. गटांचा उपयोग आहे, विशेषतः छायाचित्रे आणि स्थान पाठवण्यासाठी, पण गटावर टाकलेला निरोप «सगळ्यांनी पाहिला» म्हणजे कोणीच अंगावर घेतला नाही, असे वारंवार घडते. नोंदवहीत अनुक्रमांक पडला आणि शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर पाळी बदलताना तो डोळ्यांत खुपतो. दर पाळीला, म्हणजे आठ तासांनी, मावळत्या अधिकाऱ्याने उघडे राहिलेले निरोप वाचून दाखवावेत.

वर जाणारा अहवाल ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या नमुन्यात जावा. सकाळचा पाऊस, धरणसाठा, विसर्ग, बंद रस्ते, स्थलांतरित कुटुंबे, मृत व जखमी, कार्यरत पथके आणि पुढील १२ तासांची गरज एवढे त्यात पुरे. मुख्य सचिवांचे कार्यालय, आयुक्त, पालकमंत्र्यांचे कार्यालय आणि तीन विभाग यांनी तीच माहिती सहा वेगवेगळ्या नमुन्यांत मागितली, की जिल्ह्यातील सर्वांत कर्तबगार कारकून बचावाऐवजी तक्ते भरत बसतो. वरच्या कार्यालयांनी एकाच नमुन्यावर समाधान मानणे ही मोठी मदत असते.

माळीणची घटना बाहेर समजली ती एसटीच्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही तेव्हा. अहवाल आला नाही म्हणजे काही झाले नाही असे समजू नये. अतिवृष्टीच्या रात्री ठरलेल्या वेळी ज्या गावातून काहीच निरोप आला नाही, त्या गावाकडे आधी माणूस पाठवावा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत वीज आणि मोबाइल मनोरे दोन्ही आडवे केले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील गावांशी संपर्क तुटला होता. पोलिसांची बिनतारी यंत्रणा, सॅटेलाइट फोन आणि दुचाकीस्वार संदेशवाहक अशी तिहेरी व्यवस्था कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष सरावात असावी.

सहावी पायरी: घटनास्थळी एकच प्रमुख

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. तिचा गाभा असा: राज्यात मुख्य सचिव आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे उत्तरदायी अधिकारी असतात, आणि घटनास्थळी एक इन्सिडेंट कमांडर नेमला जातो. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कार्यवाही, नियोजन आणि रसद असे तीन विभाग असतात. माहिती व प्रसारमाध्यमे, इतर संस्थांशी संपर्क आणि बचाव करणाऱ्यांची सुरक्षितता पाहणारे तीन अधिकारी थेट त्याच्याशी जोडलेले असतात.

राष्ट्रीय पथकाचा कमांडंट, लष्कराचा अधिकारी, अग्निशमन दलाचा प्रमुख आणि गिर्यारोहकांची संस्था हे सर्व एकाच जागी येतात तेव्हा या रचनेचा कस लागतो. प्रत्येक पथक आपापल्या प्रमुखाचेच ऐकते आणि ऐकावेही, परंतु कोणत्या भागात कोण काम करेल आणि थांबा कधी घ्यायचा, हे इन्सिडेंट कमांडर सांगतो. इर्शाळवाडीला वाहन जाईल असा रस्ताच नव्हता. जवानांना चढण पायी चढावी लागली आणि ढिगारा उपसायला यंत्रे वर नेता आली नाहीत. अशा ठिकाणी रसद विभागाचे काम कार्यवाहीपेक्षा अवघड होते: कुदळी, फावडी, पाणी, दिवे आणि मृतदेहांसाठी पिशव्या माणसांच्या पाठीवरून वर जातात. त्या रात्री मदतीला निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा चढणीवरच मृत्यू झाला. सुरक्षा अधिकारी हे पद औपचारिक समजून रिकामे ठेवू नये.

अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या भेटींबाबत स्पष्ट सांगायला हवे. पहिल्या २४ तासांत बंदोबस्त, हेलिपॅड आणि सादरीकरण यांवर जो वेळ जातो, तो बचावातून वजा होतो. भेट अपरिहार्य असेल तर संपर्क अधिकाऱ्याकडे ती सोपवावी आणि इन्सिडेंट कमांडरला जागेवरून हलवू नये.

सातवी पायरी: बाहेरची मदत मागणे

महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगाव परिसरातील सुदुंबरे येथे आहे. राज्य राखीव पोलीस बलातून उभारलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथके नागपूर आणि धुळे येथे आहेत. पावसाळ्यात राष्ट्रीय दलाच्या तुकड्या संवेदनशील जिल्ह्यांत आधीच तैनात केल्या जातात आणि ती मागणी राज्याने पूर्वअनुभवावरून मे महिन्यातच केलेली असते. जिल्ह्याने मागणी करताना «एक पथक पाठवा» एवढे न लिहिता काम काय आहे ते लिहावे: पाण्यातील बचाव, ढिगारा, की रासायनिक गळती. पथकाची साधने त्यावर ठरतात. त्याबरोबर पोहोचण्याचा चालू रस्ता, थांबण्याची जागा आणि वाटाड्याचे नाव द्यावे. २०१९ मध्ये पुणे-बंगळूरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता. अशा वेळी रस्त्याची माहिती नसलेले पथक तासन्‌तास अडकून पडते.

लष्कर, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल यांची मदत नागरी प्रशासनाच्या लेखी मागणीवरून मिळते. राज्यातील साधने अपुरी पडणार असे दिसताच ती मागणी करावी. साधने संपण्याची वाट पाहू नये. प्रशिक्षित आपदा मित्र स्वयंसेवक, जीवरक्षक दले आणि गिर्यारोहण संस्था यांच्याशी करार आधी झालेला असावा आणि त्यांचा विमा उतरवलेला असावा.

दुसऱ्या राज्याशी समन्वय हे मात्र पूर्णपणे राज्य पातळीवरचेच काम आहे. कृष्णेवरील अलमट्टी धरण कर्नाटकात आहे, आणि त्यातील पाणीपातळी व विसर्ग यांवरून सांगली-कोल्हापुरात दर पावसाळ्यात वाद होतो. फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे अडून मागे चढणाऱ्या पाण्याचा, नेमका परिणाम किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु २०१९ मध्ये दोन्ही शासनांच्या बोलण्यानंतर अलमट्टीचा विसर्ग पाच लाख क्युसेकपर्यंत वाढवला गेला, ही वस्तुस्थिती आहे. असे बोलणे पूर चढल्यावर मंत्र्यांच्या पातळीवर सुरू होण्यापेक्षा जूनपासून दोन्हीकडील अभियंत्यांनी दररोज ठरलेल्या वेळी आकड्यांची देवाणघेवाण करणे कितीतरी परिणामकारक असते.

आठवी पायरी: निधी, खरेदी आणि पंचनामे

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. पंधराव्या वित्त आयोगाने प्रतिसाद आणि जोखीम कमी करणे या दोन्हींसाठीच्या एकूण निधीची विभागणी प्रतिसाद व मदत ४० टक्के, पुनर्बांधणी ३० टक्के, पूर्वतयारी व क्षमताबांधणी १० टक्के आणि जोखीम कमी करण्यासाठी २० टक्के अशी केली. केंद्राच्या यादीत नसलेल्या स्थानिक आपत्तींसाठी प्रतिसाद निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम राज्याला वापरता येते. हानी निधीच्या आवाक्याबाहेर गेली, तर राज्य केंद्राला निवेदन देते, आंतरमंत्रालयीन पथक पाहणीला येते आणि उच्चस्तरीय समिती राष्ट्रीय निधीतून मदत मंजूर करते. निवेदनात आकडे विभागवार जुळले नाहीत तर पथकाच्या पहिल्याच बैठकीत प्रकरण मागे पडते.

तातडीच्या खरेदीसाठी कलम ५० आहे. निविदेची नेहमीची पद्धत त्या वेळी लागू होत नाही आणि प्राधिकृत अधिकाऱ्याने साहित्य वापरल्याचे दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. पुढे लेखापरीक्षणात अडचण येऊ नये म्हणून गरज कशी उद्भवली, दर कोणाकडून विचारले आणि साहित्य कोठे वापरले याची एक पानाची टिपण त्याच दिवशी लिहावी. महिन्याभराने लिहिलेली टिपण कोणालाच पटत नाही.

पंचनामा हा नागरिकाला दिसणारा शासनाचा चेहरा असतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी तो संयुक्तपणे करायचा असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी असून, पिकाच्या मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान लागते. मृत्यू झाल्यास वारसांना चार लाख रुपये दिले जातात. तक्रारी होतात त्या मंडळाच्या पर्जन्यमापकावरून: पाऊस शिवाराच्या एका बाजूला कोसळतो आणि यंत्र दुसऱ्या बाजूला कोरडे राहते. अशा ठिकाणी शेजारच्या मंडळाचा आकडा, नदीची पातळी आणि स्थळछायाचित्रे जोडून तहसीलदाराने स्वतंत्र अहवाल द्यावा. पंचनाम्यांची यादी ग्रामपंचायतीत लावून हरकती मागवल्या, की मदत वाटपानंतरचे निम्मे अर्ज टळतात. भाडेकरू, बटईदार आणि ज्यांचे कागद पुरात वाहून गेले ते या यादीत सुटतात, म्हणून त्यांच्यासाठी गावसभेचा दाखला कसा चालेल हे परिपत्रकात स्पष्ट असावे.

नववी पायरी: आढावा

पाणी ओसरल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत घटनेचा आढावा व्हावा आणि त्याला बोट चालवणारा, पोलीस पाटील, निवारा केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बाई हे बोलावलेले असावेत. मोठ्या पुरानंतर राज्य शासन तज्ज्ञ समिती नेमते. २००५ नंतर माधवराव चितळे यांच्या आणि २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी सविस्तर शिफारशी केल्या. त्या शिफारशींसमोर विभाग, मुदत आणि सद्यस्थिती असे तीन रकाने आखून मे महिन्यातील मान्सूनपूर्व बैठकीच्या पहिल्या विषयात घ्यावेत, म्हणजे नव्या वर्षाच्या बैठकीत बोटींच्या मोजदादीआधी गेल्या वर्षीची उरलेली कामे वाचली जातील.